एकवीस दिवसांचा हिशेब

प्रस्तुत लेखक वैद्यक नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधखर्चाच्या नोंदी तपासताना ‘निमोडिपीन’च्या इतक्या गोळ्या एकाच रुग्णास कशासाठी, हा नातेवाइकांना पडणारा प्रश्न मलाही पडत असे. डॉक्टरांकडून समजले ते दाते, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्या माहितीसाठी येथे मांडत आहे.

मेंदूच्या रक्तवाहिनीवरील फुगा फुटला की मेंदूभोवती रक्त पसरते. पूर्वी कधीच अनुभवली नाही अशी डोकेदुखी क्षणात सुरू होते. अशा रुग्णास मेंदूशस्त्रक्रियेची सोय असेल तेथे विनाविलंब न्यावे लागते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० कि.मी. आहे. शस्त्रक्रिया पार पडली की घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु धोका टळलेला नसतो. पसरलेल्या रक्तामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसू लागतात. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास हा आकस सर्वाधिक असतो. बोलताचालता रुग्ण अशा वेळी अर्धांगाने अधू होऊ शकतो.

निमोडिपीनने आकस पूर्णपणे थांबतो असे नव्हे; मेंदूची हानी मात्र कमी होते. ब्रिटनमध्ये ५५४ रुग्णांवर झालेल्या व १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तपुरवठ्याअभावी मेंदूचा भाग निकामी होण्याचे प्रमाण शेकडा ३३ वरून २२ वर आले.

नेहमीची मात्रा दर ४ तासांनी ६० मि.ग्रॅ., अशी २१ दिवस. म्हणजे ३० मि.ग्रॅ.च्या रोज १२, एकूण २५२ गोळ्या. यात मध्यरात्रीच्या मात्राही आल्या. बेशुद्ध रुग्णास औषध नाकातील नळीवाटे देतात; गोळीचे औषध शिरेतून कदापि देत नाहीत. या औषधाने रक्तदाब उतरू शकतो, म्हणून तो वारंवार मोजतात व गरजेनुसार डॉक्टर मात्रा विभागून देतात. ‘आता बरे वाटते’ किंवा ‘पैसे संपले’ म्हणून नातेवाइकांनी गोळ्या परस्पर बंद करू नयेत, ही कळकळीची विनंती. अडचण असल्यास प्रथम कार्यालयात सांगावे.

उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. दात्यांच्या देणगीची त्यास जोड मिळते, तेव्हा शेवटच्या आठवड्यातील गोळ्याही रुग्णापर्यंत पोहोचतात. खर्चाच्या रकान्यात ती एक लहानशी नोंद असते. एखाद्या घरी मात्र कर्ता माणूस आपल्या पायांनी परततो.