पक्षाचं वर्ष कसं वाचायचं? दहिसरच्या गल्लीतून एक धडा

राजकारणावर संशोधन करायचं ठरवलं की बहुतेक विद्यार्थी निवडणूक धरतात. उमेदवार कोण, कुठल्या जातीची मतं कुठे गेली, कोण किती फरकाने पडलं. विषय चांगलाच आहे, पण त्यात एक अडचण आहे. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते आणि पक्षाची स्थानिक संघटना मात्र ३६५ दिवस चालू असते. मग मधल्या काळात ती नेमकं करते काय? आणि ते आपण अभ्यासायचं कसं?

या लेखात आपण पक्षाचं वार्षिक नियोजन हे संशोधनाचं साधन म्हणून कसं वापरता येतं ते पाहू. उदाहरण घेऊ दहिसरचं. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द इथपर्यंत वाढली, तेव्हापासून हे शहराचं उत्तरेचं टोक. महापालिकेचा आर उत्तर विभाग इथला, आणि २२७ प्रभागांची मोजणी सुरू होते तीही इथूनच.

आधी थोडं गणित

२०२६ च्या महापालिका निवडणुकीत मुंबईत साधारण १ कोटी ३ लाख मतदार होते. भागिले २२७, म्हणजे एका प्रभागात सरासरी ४५ हजार. एका घरात चार मतदार धरले तर अकरा हजारांच्या वर घरं झाली. एवढ्या घरांशी एक नगरसेवक किंवा एक शाखाप्रमुख स्वतः ओळख ठेवू शकत नाही, हे उघड आहे. समजा एका कार्यकर्त्याने शंभर घरं सांभाळली, तरी एका प्रभागाला शंभराहून जास्त माणसं लागतात. तीही बिनपगारी आणि वर्षभर.

इथे शिवसेनेची रचना लक्षात घ्या. १९ जून १९६६ ला स्थापन झालेल्या या पक्षाने मुंबईत गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख अशी उतरंड बांधली. गटप्रमुखाकडे काही चाळी किंवा इमारती. मनसेनेही शाखेचीच पद्धत ठेवली. भाजपमध्ये बूथ, शक्तिकेंद्र, मंडल अशी रचना असते आणि मतदार यादीच्या एका पानामागे एक पन्नाप्रमुख. नावं वेगळी असली तरी प्रश्न एकच आहे: या शंभर-सव्वाशे माणसांना निवडणूक नसताना जागं कसं ठेवायचं?

माझं म्हणणं असं की वार्षिक कार्यक्रम हे त्याचं उत्तर आहे. कार्यक्रम लोकांसाठी असतो हे खरंच, पण त्याच वेळी ती संघटनेने स्वतःची घेतलेली हजेरीही असते.

वर्षाचं वेळापत्रक

दहिसरसारख्या भागात शाखेचं वर्ष साधारण असं जातं.

जानेवारी ते मार्च: २३ जानेवारीला बाळासाहेब ठाकरे यांची जयंती. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, म्हणजे महिला आघाडीचा सगळ्यात मोठा हंगाम. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पालिकेचा अर्थसंकल्प, म्हणून आपल्या प्रभागातली कामं त्यात बसवायची धडपड त्याच्या आधीची. मग शिवजयंती, कुणाची तारखेने तर कुणाची तिथीने.

एप्रिल ते जून: उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा असतो म्हणून रक्तदान शिबिरं. पावसाआधी नालेसफाईची पाहणी. दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानातून उतरून वस्तीतून खाडीकडे जाते आणि २६ जुलै २००५ चा पूर इथे अजून कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे या पाहणीला इथे वेगळंच वजन. जूनमध्ये वर्धापन दिन, वह्यावाटप, दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव.

जुलै ते सप्टेंबर: पाणी तुंबलं, झाड पडलं, दरड कोसळली, की फोन शाखेत. मग दहीहंडी. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी कोकणात गाड्या. गणेशोत्सव मंडळांचे मंडप, पालिकेच्या परवानग्या.

ऑक्टोबर ते डिसेंबर: नवरात्र, दसरा मेळाव्याला माणसं नेणं, दिवाळीत उटणं आणि कंदील. १७ नोव्हेंबरला स्मृतिदिन. आणि याच सुमारास मतदार यादीच्या पुनरीक्षणाचं काम: नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्ती किंवा पत्ताबदलासाठी नमुना ८.

आता भाजपचं वर्ष शेजारी ठेवून बघा. ६ एप्रिल स्थापना दिन, १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर सेवा पंधरवडा, २५ डिसेंबर सुशासन दिन. यातल्या बऱ्याच तारखा देशभर सारख्या आहेत, कार्यक्रम वरून येतो आणि स्थानिक मंडल तो राबवतं. शाखेच्या वर्षातही वरून आलेल्या तारखा आहेतच. कोकणच्या गाड्या आणि नाल्याची पाहणी मात्र त्या जागेतून उगवतात. कुठल्या पक्षाच्या वर्षात वरचे कार्यक्रम किती आणि खालचे किती, एवढा एकच प्रश्न घेतला तरी छोटा प्रबंध होईल.

एका कार्यक्रमाला विचारायचे चार प्रश्न

नुसती यादी म्हणजे संशोधन नव्हे. प्रत्येक कार्यक्रमाला चार प्रश्न विचारा.

१. ठरवलं कोणी? वरून आलेलं पत्रक, शाखाप्रमुखाची कल्पना, की सोसायटीची मागणी?

२. पैसे कुठून आले? पक्षनिधी, स्थानिक व्यापारी, इच्छुक उमेदवाराचा खिसा? आणि जिथे काम नगरसेवक निधीचं आहे तिथे ते पालिकेचं, म्हणजे आपलंच, हे विसरू नका.

३. राबलं कोण? फ्लेक्सवर फोटो कोणाचा आणि खुर्च्या कोणी लावल्या, या दोन वेगळ्या गोष्टी. महिला आघाडीचं काम याच फटीत हरवतं. तारिणी बेदी यांचं २०१६ चं पुस्तक शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांवरच आहे. ते वाचलंत तर संघटनेकडे बघायची नजर बदलते.

४. यादी कोणाकडे राहिली? मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. वह्या दिल्या तर मुलांची नावं लिहिली गेली. कोकणची गाडी सोडली तर कुटुंबं आणि गावं कळली. रक्तदानातून तरुण पोरांचे नंबर मिळाले. कार्यक्रम संध्याकाळी संपतो, यादी उरते.

चौथ्या प्रश्नामुळे आणखी एक कोडं सुटतं. महापालिकेत प्रभागांचं आरक्षण सोडतीने ठरतं आणि २०१२ पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. पाच वर्षं राबलेल्या माणसाचा प्रभाग ऐनवेळी राखीव होऊ शकतो. अशा वेळी उमेदवार बदलतो, पण यादी आणि गटप्रमुख तेच राहतात. म्हणून एका माणसापेक्षा जाळं टिकवणं पक्षाला जास्त महत्त्वाचं.

निवडणूकच झाली नाही तेव्हा

हे सगळं नुसतं अनुमान आहे की खरं, हे तपासायला मुंबईने आपल्याला एक दुर्मीळ संधी दिली. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. प्रभागांची संख्या आणि ओबीसी आरक्षण यांचे वाद न्यायालयात गेले, प्रशासक आला, आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. पावणेचार वर्षांहून जास्त काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता.

त्याच काळात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. म्हणजे सभागृह नाही, निधी नाही, चिन्हावर वाद, आणि खाली तोच गटप्रमुख. २०२२ च्या दसऱ्याला मेळावे दोन झाले, एक शिवाजी पार्कवर आणि एक बीकेसीत. प्रत्येक गल्लीत प्रश्न आला: आपली बस कुठल्या मैदानाकडे?

संशोधक म्हणून इथे कान टवकारायला हवेत. निवडणूक आयोग चिन्ह देऊ शकतो, यादी आणि ओळखी देऊ शकत नाही. मग फुटीनंतर एखाद्या भागात हळदीकुंकू कोणी केलं, वह्या कोणी वाटल्या, नाल्यावर कोण उभं राहिलं, यावरून संघटना कोणाकडे राहिली ते कळेल का? हा प्रश्न निकालाच्या आकड्यांतून सुटत नाही. वर्षाच्या नोंदीतून सुटू शकतो.

यात नागरिकाचंही काही पणाला लागलेलं आहे. नगरसेवक नसताना तुंबलेल्या गटारासाठी माणूस कोणाकडे गेला? आर उत्तरच्या कार्यालयात, शाखेत, की आमदाराच्या कार्यालयात? आणि ज्याची कुठल्याच पक्षाशी ओळख नाही, त्याचं काय झालं? वस्तीतल्या भाडेकरूचं, नव्याने आलेल्या परप्रांतीय कुटुंबाचं? संघटनेच्या यादीत कोण आहे, याइतकंच कोण नाही हेही नोंदवायचं असतं.

कच्चा माल कुठे मिळेल

फ्लेक्स ही फुकटची नोंदवही आहे. तारखेसह फोटो काढा. फोटोंचा क्रम, आकार आणि कोणाचा चेहरा गायब झाला, यातून अंतर्गत उतरंड दिसते. पक्षांचे कार्यअहवाल, पत्रकं आणि वर्तमानपत्रांची स्थानिक पानं जमवा. मंडपांच्या परवानग्या आणि निधीतून झालेली कामं यांसाठी विभाग कार्यालयात माहितीचा अधिकार वापरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संध्याकाळी शाखेत किंवा पक्ष कार्यालयात बसायला शिका. कोण काय काम घेऊन येतं एवढंच लिहा.

दोन पथ्यं. एक, कोणी कौतुकाने मतदारांची फोन नंबरांसह यादी दाखवली तरी तिची प्रत घेऊ नका. ती लोकांची खासगी माहिती आहे. यादी आहे, कशी बनली, कोण सांभाळतं, एवढी नोंद पुरते. दोन, फुटलेल्या पक्षात तुम्ही पहिला चहा कोणाकडे प्यायलात यावरून तुमचा गट ठरतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाजूंना भेटा आणि तसं उघड सांगा.

आपलं म्हणणं चुकीचं ठरेल कसं?

मार्गदर्शक हा प्रश्न विचारतीलच. कार्यक्रम ही संघटनेची हजेरी आहे, हे माझं म्हणणं केव्हा खोटं ठरेल? निवडणूक लांबली तसे कार्यक्रम आटत गेले आणि तारीख जाहीर होताच अचानक वाढले, तर ती हजेरी नव्हती, नुसता प्रचार होता. किंवा कार्यक्रम चालू राहिले पण राबणारी माणसं दर वेळी भाड्याने आणलेली निघाली, तर जाळं नाही, फक्त खर्च आहे. दोन्ही शक्यता आराखड्यात आधीच लिहून ठेवा.

सुरुवात लहान करा. एकच प्रभाग घ्या. वहीत बारा महिन्यांचे बारा आडवे रकाने आणि चार प्रश्नांचे चार उभे रकाने आखा. दोन पक्षांसाठी दोन वेगळी पानं. पहिल्या महिन्यात बहुतेक चौकटी रिकाम्या राहतील, त्यातही "यादी कोणाकडे" हा रकाना सगळ्यात जास्त. तुमचं फील्डवर्क तिथूनच सुरू करा.