पंचायतीच्या पेटीतली काचेची तार

मुलांनो, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात शिरले की उजव्या हाताच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी दिसते. तिला कायम कुलूप असते. वर पत्र्यावर तिच्यासाठी सोलर प्लेट बसवली आहे. मागच्या आठवड्यात सहावीतल्या मुलांनी मला विचारले, "गुरुजी, त्या पेटीत काय हाय ओ?" एक जण ठासून म्हणाला, "लाईट साठवत्यात त्यात!" त्याचे अगदीच चुकले नाही, आत बॅटरी आहेच. पण खरी मौल्यवान वस्तू म्हणजे त्या पेटीत खालून शिरणारी एक काळी वायर. तिच्या पोटात काचेची तार आहे.

काच म्हटली की आपल्याला बांगडी आठवते, हातातून पडली की फुटणारी. मग काचेची तार कशी काय निघते? काच तापवून खूप बारीक ओढली की ती दोऱ्यासारखी लवते. या तारेची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी असते. त्यातही प्रकाश जातो तो मधल्या गाभ्यातून. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले साधारण नऊ भाग, एवढाच तो गाभा! भोवती काचेचेच कवच, त्यावर प्लास्टिक, आणि मग आपल्याला दिसते ते काळे वेष्टण.

आता प्रकाश वाकड्या तारेतून कसा जातो ते करून पाहा. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तळापासून चार बोटे वर दाभणाने एक छिद्र पाडा. छिद्रावर बोट ठेवून बाटली पाण्याने भरा. खोलीत अंधार करा आणि छिद्राच्या बरोबर समोरून, म्हणजे बाटलीच्या मागच्या बाजूने, बॅटरीचा झोत टाका. आता बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली पडेल, आणि प्रकाशही तिच्याबरोबर वाकून तुमच्या तळहातावर पडेल. जॉन टिंडल या शास्त्रज्ञांनी १८५४ साली लंडनमध्ये असाच प्रयोग लोकांना दाखवला होता. प्रकाश पाण्याच्या कडेवर तिरपा आपटतो, बाहेर न पडता आत परततो, पुन्हा आपटतो, पुन्हा परततो. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. तारेच्या गाभ्यात हेच घडते.

या विद्येत आपल्या माणसाचा मोठा हात आहे. पंजाबातल्या मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनला शिकायला गेले. तिथे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवून दाखवले. १९५४ साली ते छापून आले. पण तेव्हाच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विरून जाई. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. काच शुद्ध केली तर प्रकाश लांबवर जाईल. पुढे तसेच झाले, आणि २००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तारेतून निरोप जातो तो दिव्याच्या उघडझापीने. दिवा लागला की १, विझला की ०. एका सेकंदात अशी कोट्यवधी वेळा उघडझाप होते. तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. जेवढे १ आणि ० एका सेकंदात पोचतील तेवढी गती; दहा लाखांना एक मेगाबिट म्हणतात. आपल्या देशात जानेवारी २०२३ पासून सेकंदाला किमान २ मेगाबिट मिळाले तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचे असे ठरले आहे.

आता थोडे गणित. समजा, पाठ्यपुस्तकाची एक फाइल २० मेगाबाइटची आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १६० मेगाबिट झाले. २ च्या गतीने ती ८० सेकंदांत उतरेल. संध्याकाळी सगळा गाव मोबाइल काढून बसतो, टॉवरवर गर्दी होते आणि गती ०.२ वर येते. तेव्हा त्याच फाइलीला १३ मिनिटे २० सेकंद लागतील. आणि पेटीपर्यंत योजनेप्रमाणे १०० मेगाबिटची गती आली असेल तर? उत्तर तुम्ही काढा. दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत.

ही योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. देशातल्या सुमारे २.५ लाख ग्रामपंचायतींना काचेच्या तारेने जोडायचे, असा तिचा बेत. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. काम ठरल्या मुदतीत झाले नाही, मुदत पुन:पुन्हा वाढवावी लागली. आपल्याकडे तार आली, दिवे लुकलुकले, पेढे वाटले. तरी नवोदयच्या परीक्षेचा अर्ज भरायला आपल्या पाचवीच्या पाच मुलांना पालकांबरोबर तालुक्याला जावे लागले. पालकांचा रोज बुडाला, एसटीचे भाडे गेले ते वेगळे. एका मुलीच्या घरून कोणी जाऊ शकले नाही. शेवटच्या दिवशी मी तिचा अर्ज माझ्या मोबाइलवरून भरला, तोही म्हसोबाच्या टेकडीवर उभे राहून. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा तुमची थोरली भावंडे याच टेकडीवर बसून धडे ऐकत होती. मग तार येऊन बदलले काय, असे कोणी विचारले तर त्याला रागावू नये.

मला विचाराल तर हा प्रश्न पाण्याच्या टाकीसारखा आहे. गावात टाकी बांधली, ती भरली, पण वस्तीपर्यंत पाइप टाकला नाही. तर बाईच्या डोक्यावरची घागर काही उतरत नाही. पेटी ही टाकी आहे. तिथून शाळा, दवाखाना, घरे यांच्याकडे जाणारा शेवटचा तुकडा कोण टाकणार, इथेच गाडे अडते. शिवाय १०० मेगाबिट म्हणजे अमर्याद नव्हे. ५० घरांनी एकाच वेळी वापरले तर वाट्याला दोन-दोनच येतात.

शेवटच्या तुकड्याचे मार्ग तीन-चार आहेत. जवळच्या घरांना तारच वाटून देता येते. एका तारेतला प्रकाश विभागून अनेक घरांना देणारे लहानसे साधन असते. चौकात वाय-फाय लावता येते, पण ते शे-दोनशे पावलांपलीकडे आणि जाड भिंतींपलीकडे फारसे जात नाही. दूरच्या वाड्यांना उंच खांबावरून रेडिओने जोडता येते. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने गावे अशीच जोडली, आणि त्यात पंचायतीला भागीदार करून घेतले. मला ही दुसरी गोष्ट खांबांपेक्षा मोठी वाटते. चौथा मार्ग डिसेंबर २०२० मध्ये खुला झाला. पीएम-वाणी या योजनेत किराणा दुकानदारसुद्धा आपल्या दुकानातून लोकांना वाय-फाय विकू शकतो. त्याला परवाना लागत नाही, फीही नाही.

आता तार तुटण्याविषयी. तांब्याची वायर तुटली तर पिळून जोडता येते. काचेच्या तारेची दोन्ही टोके साफ कापून, यंत्रात समोरासमोर धरून, विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावी लागतात. ते यंत्र आणि तो कारागीर तालुक्याहून येतो. गेल्या दिवाळीआधी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने तार तोडली तेव्हा आपली पेटी अठरा दिवस मुकी होती. आणि एकटी आपलीच नव्हे. पहिल्या आखणीत तार एका गावाहून पुढच्या गावाला अशी ओळीने गेली आहे. वरच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाट फुटला की खालच्या सगळ्यांचे पाणी बंद, तसेच हे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली, त्यासाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये धरले आहेत. त्यात गावे ओळीने न जोडता कड्यासारखी गोल जोडायची आहेत. कडे एका जागी तुटले तरी प्रकाश दुसऱ्या बाजूने फिरून येतो. मार्च २०२३ पासून एक सरकारी ॲपही आहे. खोदण्याआधी त्यावर कळवले की जमिनीखाली कोणाची तार आहे ते समजते. तुमच्या घरी कोणी जेसीबी चालवत असेल तर त्यांना हे जरूर सांगा. आणि तुटलेली तार दिसली तर तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका बरं का! त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. काचेची कुसे बोटात शिरतात ती वेगळीच. आणि भंगारवाल्याकडेही नेऊ नका. तिच्यात तांबे नाही, तो घेणार नाही.

तार आली, टिकली, तरी तिचा उपयोग काय, असे आपल्या पारावरचे तात्या मला नेहमी विचारतात. "आमाला काय करायचंय त्याचं?" १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या साखर कारखान्याभोवतीची ७० गावे संगणकाने जोडायचे काम सुरू झाले होते. मोठमोठ्या गोष्टी ठरल्या होत्या. शेतकऱ्यांनी मात्र त्याचा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदीसाठी आणि हिशेबासाठी केला. ज्याची गरज असते तेच माणूस आधी शिकतो. तात्यांना सातबारा लागतो, ई-पीक पाहणी करावी लागते, पुण्याच्या मुलाचे तोंड बघायचे असते. तात्यांना त्यांच्या कामापासून सुरुवात करून द्यायला हवी, आणि ते तुमच्यापैकी कोणीही करू शकेल. (रील दाखवायला तुम्हाला कोणी शिकवावे लागले नाही, हे मला ठाऊक आहे.)

येत्या ग्रामसभेत आपल्या शाळेतर्फे चार गोष्टी विचारायच्या आहेत. पेटीची किल्ली कोणाकडे असते, आणि तो माणूस गावी गेला तर कोणाकडे? बॅटरी उतरली तर नवी कोण आणणार? शाळेला जोड कधी मिळणार? तार तुटली तर तक्रार कोणत्या नंबरवर करायची, आणि तो नंबर दारावर का लिहिलेला नाही? सरपंचबाईंनी हा विषय घ्यायचे कबूल केले आहे. पण नुसते "चालत नाही" म्हणून भागत नाही, कधी चालत नाही ते दाखवावे लागते. म्हणून सातवीच्या मुलांनी रोज दुपारच्या सुट्टीत पंचायतीत जाऊन दिवा लागला आहे की नाही आणि गती किती, ते वहीत लिहायला सुरुवात केली आहे. वही कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. पहिल्या दहा दिवसांतले सहा दिवस दिवा लागलेला होता, चार दिवस खोलीलाच कुलूप होते.