आकाशातल्या खुणा – लेखांक ७ : गाडीतून मनगटावर, मनगटावरून डोंगरात

जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराने सोडले, हे आपण मागच्या लेखांकात पाहिलं. ते तंत्र साध्या माणसाच्या हाती कसं आलं, ही कहाणी मात्र खासगी कंपन्यांची आहे. त्यांतली गार्मिन मी आज निवडली, कारण तिचा मुख्य धंदा एकदा जवळजवळ बुडाला आणि तरी ती वाढली.

गॅरी बरेल आणि तैवानमध्ये जन्मलेले मिन काओ हे विमानांसाठी रेडिओ-यंत्रं बनवणाऱ्या किंग रेडिओ या कंपनीतले अभियंते. १९८९ मध्ये कॅन्सस राज्यातल्या लेनेक्सा इथे त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पहिलं यंत्र ‘जीपीएस १००’ बोटींसाठी होतं आणि त्याची किंमत २,५०० डॉलर. उपग्रहांचा ताफा तेव्हा पुरता उभाही राहिला नव्हता. उत्पादन तैवानमध्ये, पण स्वतःच्या कारखान्यात. या निर्णयाकडे आपण पुन्हा येऊ.

नागरी संकेतांत अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. मे २००० मध्ये ती भेसळ थांबली आणि रस्त्यावरचं वळण नेमकं सांगणं शक्य झालं. त्याच डिसेंबरात गार्मिन शेअर बाजारात उतरली. २००५ मध्ये ‘नुव्ही’ आलं. गाडीच्या काचेला चिकटवायचा हा छोटा पडदा अमेरिका-युरोपात घरोघर पोचला. २००८ ची विक्री साडेतीन अब्ज डॉलरच्या घरात, त्यातला मोठा वाटा गाड्यांचा.

ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने फोनवर फुकट मार्गदर्शन जाहीर केलं आणि गार्मिनचा शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के घसरला. कंपनीने स्वतःचा फोन काढून पाहिला; तो चालला नाही.

तिला तारलं ते कारखान्याने, असं माझं मत आहे. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो. तो झाडीत, पाण्याजवळ, हलत्या हातावर पकडायचा आणि बॅटरीही पुरवायची, ही खरी विद्या. रचना आणि उत्पादन दोन्ही घरचं असल्याने ती विद्या कंपनीतच मुरली होती. धावपटूंसाठीचं ‘फोररनर’ २००३ पासून होतंच. गाडीचा बाजार आटला तसं बळ घड्याळांकडे, विमानांच्या कॉकपिटकडे, बोटींकडे वळवता आलं. २०२४ मध्ये विक्री ६.३ अब्ज डॉलरवर गेली.

२०१६ मध्ये गार्मिनने डीलॉर्म ही कंपनी घेतली आणि तिच्यासोबत ‘इनरीच’ हे यंत्र आलं. इथला फरक नीट समजून घ्यायला हवा. साधं जीपीएस घड्याळ उपग्रहाचं फक्त ऐकतं. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळतही नाही. इनरीच मात्र बोलतं. इरिडियम या कंपनीच्या दळणवळण-उपग्रहांमार्फत ते तुमची जागा आणि संदेश पाठवतं, बटण दाबलं की मदतीची हाकही. मोबाइलची रेंज नसलेल्या खिंडीत त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत.

भारतात हे ‘बोलणं’ परवानगीशिवाय बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला याच यंत्रामुळे पोलिसांना सामोरं जावं लागलं. बंदीमागे कारण आहे: २६/११ चे हल्लेखोर सॅटेलाइट फोन घेऊनच समुद्रातून आले होते. तरीही मला वाटतं, सह्याद्रीच्या घाटवाटांवर माणसं शोधायला रात्र रात्र दोर घेऊन उतरणाऱ्या बचाव पथकांना तरी अशा यंत्रांची परवानगी सोप्या रीतीने मिळाली पाहिजे. नोंदणी करा, यंत्राचा क्रमांक पोलिस ठाण्यात द्या, वापराचा हिशेब मागा; पण वाट मोकळी करा.

पुढच्या लेखांकात इस्रोची ‘नाविक’ प्रणाली आणि तिच्यामार्फत मच्छीमारांपर्यंत पोचणारे इशारे.