गिअरचा दांडा का रुसला?

मुलांनो, एक गंमत सांगते. गंमत कसली, त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं! दहावीचा पहिला पेपर. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतली ताई परीक्षेला निघाली. तिच्या बाबांनी गाडी सुरू केली, ब्रेक दाबला आणि गिअरचा दांडा ओढला. तो हलेचना! बाबा दोन्ही हातांनी जोर लावणार, एवढ्यात शेजारचे आजोबा ओरडले, "अहो थांबा, मोडेल तो! पोरीला आधी रिक्षात बसवा."

ताई वेळेत पोचली. मग आजोबा गाडीकडे वळले. त्यांचं सारं आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं. म्हणाले, "डॉक्टर आधी प्रश्न विचारतात, लगेच पोट फाडत नाहीत!"

ही गाडी ऑटोमॅटिक. हिला क्लचचं पेडल नाही. वेग वाढला की गिअर आपोआप बदलतात. चालकानं दांड्यानं फक्त हुकूम द्यायचा. 'पी' म्हणजे उभी राहा, 'आर' म्हणजे मागे जा, 'एन' म्हणजे मोकळी राहा आणि 'डी' म्हणजे पुढे चल.

आजोबांचा पहिला प्रश्न : गाडी उतारावर आहे का? 'पी'मध्ये एक छोटी पोलादी खिटी गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकाच्या खाचेत बसते. उतारावर हँडब्रेक न लावता गाडी 'पी'त ठेवली, तर सगळा भार त्या खिटीवर येतो. मग दांडा जड होणारच! म्हणून ब्रेक दाबून ठेवून आधी 'एन' करावं, हँडब्रेक ओढावा, पाय हळूच सैल करून भार हँडब्रेकवर येऊ द्यावा, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' करावं. पण ताईची गाडी सपाट जागेवर होती.

दुसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का? ताईचा धाकटा भाऊ गाडीच्या बाजूला उभा राहून बघत होता. (अगदी मागे नाही हं!) तो ओरडला, "नाही लागत!" सापडला चोर! ब्रेक दाबल्याशिवाय 'पी'तून दांडा निघू नये म्हणून तिथे विजेवर चालणारं कुलूप असतं. ब्रेकच्या पेडलजवळचा स्विच दिवे लावतो आणि ते कुलूपही उघडायला सांगतो. तोच स्विच बिघडला होता. विचार करा, दांडा जोरानं ओढून गाडी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर नेली असती, तर मागच्या गाड्यांना ब्रेक लागल्याचं कळलंच नसतं!

दिवे लागले असते तर? मग तिसरा प्रश्न : दांडा सगळीकडेच जड आहे का? कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनी टॅक्सी आई-बाबांना आठवत असतील. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांनी मुंबईचा निरोप घेतला. त्यांचा दांडा स्टिअरिंगजवळ होता आणि तिथून गिअरबॉक्सपर्यंत जोडलेल्या सळया जायच्या. आजच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत हे काम केबल करते, अगदी तुमच्या सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी. पावसाचं पाणी शिरलं, गंज चढला, की ती आवळते.

मग मेकॅनिक केबल गिअरबॉक्सकडून सोडवतो. दांडा हलका झाला, तर दोष गिअरबॉक्सच्या बाजूला. जडच राहिला, तर केबलमध्ये किंवा दांड्यात. मग दांड्याकडचं टोकही सोडवायचं. आता दांडा हलका झाला, तर केबल खराब. तरीही जड? मग दांड्यातच काहीतरी अडकलंय. कुणी सरबत सांडलं असेल तर साखरेचा चिकटाही सापडतो!

प्रत्येक वेळी अर्धे संशयित बाद! हा खेळ वर्गात खेळून पाहा. मित्राला १ ते १०० मधली एक संख्या मनात धरायला सांगा. "५०पेक्षा मोठी का?" असं विचारत दर वेळी उरलेल्यांचे दोन भाग करा. फार तर सात प्रश्नांत ती सापडेल.

गाडीखाली शिरणं, तारा सोडवणं हे मात्र मेकॅनिकचं काम. तुमचं काम लाल दिवे बघायचं. आज संध्याकाळीच बघा. घरी गाडी नसली तर स्कूटरचा दिवा बघा. आणि बाबा दांड्याशी झोंबायला लागले, तर आजोबांसारखं ओरडा, "थांबा, आधी प्रश्न विचारू!"