आर्वीचा शिपाई आणि पलटणीचे दप्तर

पणजोबा लढाईवर गेले होते, एवढीच आठवण ज्या घरांत उरली आहे, तेथे शोध नावापासून सुरू करावासा वाटणे स्वाभाविक असले, तरी लष्कराची दप्तरे गावावार नव्हे तर पलटणवार लावलेली असल्यामुळे, शिपायाचा सैनिक क्रमांक आणि पलटण हाती आल्याखेरीज तो पुढे सरकत नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदी शिपायांना मिळालेल्या पदकांच्या कडेवर किंवा मागील बाजूस या दोन्ही गोष्टी सहसा कोरलेल्या असत, म्हणून असे पदक घासूनपुसून लख्ख करण्याआधी ती अक्षरे भिंगाखाली वाचून उतरवून घेणे अगत्याचे आहे.

शिपाई युद्धात मृत्यू पावला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या, म्हणजे दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या, 1917 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या नोंदवह्या पाहाव्यात; त्यांत अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा आढळतो. येथे आर्वीकरांनी विशेष सावध राहावे. त्या काळी वर्धा जिल्हा मध्य प्रांतात असून त्याच्या वर्धा, हिंगणघाट व आर्वी अशा तीनच तहसिली होत्या, त्यामुळे आजच्या आष्टी व कारंजा तालुक्यांतील गावेही आर्वीखाली सापडू शकतात. उलट पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातही एक आर्वी आहे, तेव्हा गावाचे नाव जुळले म्हणून नाते जुळत नाही.

ही नावे दगडावर असतीलच असेही नाही. 1929 मध्ये अनावरण झालेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, परंतु सामान्य हिंदी शिपायांची केवळ पलटणवार संख्या देण्यात आली. हा अन्याय होता, आणि स्मरणातील अशी विषमता आयोगाने नेमलेल्या समितीने 2021 मध्ये मान्य केली.

विदर्भातील महार कुटुंबांना तर सालांचाच आधार मिळतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झालेली भरती 1917 मध्ये 111व्या महार पलटणीच्या रूपाने पुन्हा सुरू झाली, युद्धानंतर ती पलटण मोडली, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, जिची दुसरी पलटण कामठीची होती. या रेजिमेंटचे अभिलेख आज मध्य प्रदेशातील सागर येथे, तर मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावात सांभाळले जातात. तेथे अर्ज करताना वंशावळीचा पुरावा जोडावा. त्यासाठी जात पडताळणीमुळे विदर्भात घरोघरी परिचित झालेले कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उपयोगी पडते.