परप्रांतातील जुनी यात्रागाडी : खरेदी आणि नोंदणी

आपल्या समाजात तीर्थयात्रेस निघणे म्हणजे घर बरोबर घेऊन निघणे होय. गाळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, कंदमूळ वर्ज्य असलेला स्वयंपाक, आणि वडीलधाऱ्यांस दुपारी पाठ टेकण्यास जागा, या गोष्टी सांभाळणारा मुक्काम वाटेवर मिळेलच याचा भरवसा नसतो. मुक्तागिरी, बावनगजा, मांगीतुंगी ही क्षेत्रे डोंगरावरची. पायथ्याशी पोहोचेतोच म्हाताऱ्या माणसाचे त्राण संपते. पूर्वी संघ निघत तेव्हा शिधासामग्रीच्या बैलगाड्या मागून चालत. अलीकडे काही कुटुंबांस तीच सोय एका मोटारीत हवी असते : आत दोन-चार बिछाने, पाण्याची टाकी, छोटासा ओटा. अशी नवी गाडी बांधवून घ्यावयाची तर पुष्कळ पैसा लागतो. म्हणून महाराष्ट्रात अगर गुजरातेत कोणाची वापरलेली गाडी मिळते काय, याची चौकशी आपल्या पेढ्यांवर वरचेवर होताना दिसते. येथील विक्रम व्यापार मेळ्यात २०२४ सालापासून वाहनकरात निम्मी सूट मिळाली, ती जुन्या गाडीस मिळेल काय, असेही काही बंधू विचारतात. ती सूट मेळ्यात विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांकरिता होती. जुन्या गाडीचा तिच्याशी संबंध नाही.

ज्या फ्रीगंजाच्या नावातच मोकळ्या बाजाराची खूण आहे, तेथील व्यापाऱ्यास एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गाडी नेण्याचा खटाटोप विचित्र वाटणे साहजिक आहे. ग्वाल्हेर आणि इंदूर संस्थानांच्या सीमा १९४८ साली मध्य भारतात विरल्या. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मालाच्या वाटेवरील नाकेही उठले. परंतु मोटारीवरील कर हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, आणि तो नव्या कराच्या पोटात गेलेला नाही. त्यामुळे पुण्यास पंधरा वर्षांचा कर एकरकमी भरलेली गाडी उज्जैनीस आली म्हणजे येथील सरकारच्या दृष्टीने ती करावाचून आलेली असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४७ वे कलम असे सांगते की, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीस तेथील नवा क्रमांक घेतला पाहिजे. कित्येक जण या बारा महिन्यांच्या सवलतीवर विसंबतात. ती सवलत जुन्या मालकाने आपली गाडी परराज्यात ठेवण्यासंबंधी आहे. गाडी विकत घेणारास मालकीबदलाची मुदत निराळी, आणि ती केवळ तीस दिवसांची आहे.

धान्याचा व्यापारी वानगी पाहिल्यावाचून पोते घेत नाही. येथे वानगी म्हणजे इंजिन नव्हे, नोंदणीपुस्तक. प्रथम त्यात गाडीचा प्रकार काय लिहिला आहे ते पाहावे. केंद्र सरकारने २००४ साली केलेल्या वर्गवारीत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक वाहनांत धरली आहे. हा शब्द पुस्तकात असेल तर अर्धे काम झाले. मात्र बाजारात अशा गाड्या पुष्कळ आढळतात, ज्यांच्या पुस्तकात मालवाहू व्हॅन किंवा प्रवासी मिनीबस असे लिहिलेले असते आणि आत कोणा सुताराने फळ्या ठोकून बिछाने केलेले असतात. कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखानदाराने दिलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने अशीच एक सुबक गाडी आणली. तपासणीच्या दिवशी पुस्तक आणि गाडी यांचा मेळ बसेना. बिछाने, ओटा, टाकी सारे काढावे लागले. वृद्ध मातोश्रींच्या यात्रेसाठी आणलेली गाडी पावसाळाभर वाड्यात उभी राहिली, आणि मातोश्री अखेर रेल्वेने गेल्या.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे बोजा. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज फिटल्यानंतरही बँकेचे नाव नोंदीत राहते. ते ३५ व्या नमुन्यावर बँकेच्या सहीनेच निघते. आमच्या घरी आणलेल्या अकरा वर्षांच्या गाडीच्या बाबतीत कर्ज केव्हाच फिटले होते, पण ज्या शाखेने ते दिले ती बंद होऊन तिचे दप्तर दुसऱ्या शहरी गेले होते. सही मिळण्यास दीड महिना लागला. सुदैवाने चिरंजीवांनी पूर्ण रक्कम हातची सोडली नव्हती. बयाणा द्यावा, परंतु शेष रक्कम ना-हरकत दाखला हाती आल्यावर द्यावी, हाच व्यवहार. आडतीत आपण वजन झाल्याखेरीज चिठ्ठी करीत नाही, मग येथे का करावी?

हा ना-हरकत दाखला ४८ व्या कलमाखाली जुन्या कार्यालयातून, विकणाराच्या अर्जावर, २८ व्या नमुन्यात मिळतो. गाडीवर दंडाची चलने थकलेली असतील, कर बाकी असेल किंवा चोरीच्या वाहनांच्या नोंदीत तिचा क्रमांक असेल, तर काम अडते. चासीच्या क्रमांकाचा पेन्सिलने उमटविलेला ठसा आधी आपण स्वतः पुस्तकाशी ताडून पाहावा. एक अक्षर जरी पुसट असले तरी वांधा निघतो. अर्जास तीस दिवसांत नकार आला नाही तर दाखला दिला असे मानावे, अशी तरतूद कायद्यात आहे खरी. पण तेवढ्यावर येथील खिडकीवर उभे राहण्याचा सल्ला मी कोणास देणार नाही. गाडी राज्याबाहेर गेल्यामुळे उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मिळतो, तो ज्याच्या नावे कर भरला त्यास. तो किमतीत धरावयाचा की नाही, हे सौद्याच्या वेळीच बोलून घ्यावे.

येथे आल्यावर नव्या क्रमांकासाठी २७ वा, मालकीबदलासाठी विकणाराच्या सहीचा २९ वा व घेणाराचा ३० वा नमुना, विमा, धुराचा दाखला आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी लागते. त्यानंतर करआकारणी होऊन एम.पी. १३ चा क्रमांक मिळतो. गाडीचे वय येथे महत्त्वाचे. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण. हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील गाड्यांस ती दुप्पट केली गेली. तेव्हा चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तिचा हिशेब वर्षभराने पुन्हा मांडावा लागतो. दिल्लीकडील जुन्या डिझेल गाड्या २०१५ व २०१८ च्या आदेशांनंतर स्वस्तात बाहेर आल्या. त्यांच्याही बाबतीत हाच विचार करावा.

विकणाऱ्या बंधूंस एक शब्द. आपल्या पेढीची जुनी गाडी कोऱ्या कागदांवर सह्या करून दलालाच्या हाती देण्याची आपल्याकडे वाईट चाल आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात असा निर्णय दिला की, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईस नोंदीतला मालकच जबाबदार. घेणारा परराज्यातील असेल तर विकणाराने पंचेचाळीस दिवसांत ना-हरकत दाखला किंवा त्याच्या अर्जाची पोच आपल्या कार्यालयात दाखल करावयाची असते. ही पोच रोखपत्रासारखी जपावी.

गाडी पेढीच्या नावे घ्यावी काय, असा प्रश्न येतो. यात्रेच्या गाडीवर कराची वजावट मिळण्याची आशा नाही, आणि खाजगी वापराची नोंद व्यक्तीच्या नावे सरळ होते. मात्र खाजगी याचा अर्थ खाजगीच. चार घरांनी मिळून जावे, जेवणखाण वाटून घ्यावे, यास हरकत नाही. पण माणशी भाडे ठरवून संघ नेला तर ती भाड्याची गाडी झाली. मग परवाना नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. ज्या कामी वडीलधारी माणसे आत बसलेली असतात, त्या कामी ही जोखीम मला पत्करण्यासारखी वाटत नाही.

मालकी बदलल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीस कळवावे. परक्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो, स्वतःच्या गाडीचा तसा येत नाही. नवा क्रमांक पडल्यावर तोही विमापत्रात लिहवून घ्यावा, आणि जुन्या क्रमांकाचा फास्टॅग बंद करवून नवा लावावा. अन्यथा टोलाचे पैसे पूर्वीच्या मालकाच्या खात्यातून जात राहतात आणि तो बिचारा पुण्याहून दूरध्वनी करीत बसतो.