फटाका सायलेन्सरमध्ये, दुखणं दुसरीकडेच

खंबाटकीचा घाट चढताना गाडी मुकाट चालते. उतार लागला, गिअरमध्येच ठेवून रेस सोडली, की मागून फट्-फट् बार सुरू. मागे बसलेला दचकतो आणि पुढचा निदान करून मोकळा होतो : "पेट्रोल जास्त जातंय."

बहुतेक वेळा जास्त जात असते ती हवा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. हवेचे प्रमाण फार वाढले की मिश्रण पातळ होते, ठिणगी पडूनही कधी पेटत नाही, कधी अर्धवट जळते. हे न जळलेले पेट्रोल इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या बेंड पाईपमध्ये जाते, तिथे पेटते आणि बार होतो. मिश्रण फार दाट झाल्यानेही गाडी वाजू शकते, नाही असे नाही. पण मग बहुधा काळा धूर आणि काजळीने माखलेला प्लगही साक्ष देतात.

उताराचे कोडेही इथेच सुटते. रेस सोडली की कार्बोरेटरचा दरवाजा जवळपास मिटतो, पण चाकांनी फिरत राहिलेले इंजिन हवा ओढतच असते. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीला चीर असेल, तर त्या वेळी हवा तिथून जोरात आत घुसते. पूर्ण रेसवर हा ओढा कमी होतो, म्हणून चढणीला गाडी शहाण्यासारखी वागते. अशा गाडीची आणखी एक खोड असते : रेस सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही, वरच लटकून राहतो. आयडलिंगचा स्क्रू कितीही पिळला तरी समाधान होत नाही, कारण चोरवाट दुसरीकडेच उघडी असते.

ही चीर डोळ्यांना सहज दिसत नाही. रबर वरून ठणठणीत आणि वाकवले की खालच्या अंगाला फाटलेले, हा प्रकार जुन्या गाड्यांत नेहमीचा. काही मेकॅनिक चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारतात. जिथे फवारल्यावर आवाज बदलतो, तिथे गळती. पण तो फवारा पेट घेणारा आहे आणि तापलेला बेंड पाईप वीतभर अंतरावर असतो. घरी करायचे तर साध्या पाण्याचा बारीक फवारा बरा : पाणी क्षणभर चीर बुजवते आणि इंजिनाचा सूर बदलतो. दुसरी खूण चोकची. गरम इंजिनाला अर्धा चोक दिल्यावर गाडी घुसमटण्याऐवजी सुधारली, तर मिश्रण पातळ आहे असे समजावे. कार्बोरेटरमधल्या तुंबलेल्या पायलट जेटनेही हेच होते, म्हणून आधी रबर तपासावे, मग कार्बोरेटर उघडावा.

हवा मागूनही शिरते. बेंड पाईप जिथे इंजिनाला बसतो तिथले पॅकिंग गेले, की धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आतल्या उरल्यासुरल्या पेट्रोलला प्राणवायू मिळतो. सांध्याभोवती काळा डाग दिसला तर पुरावा हाती आला. बऱ्याच गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी कंपनीच एका व्हॉल्व्हमधून धुराच्या वाटेत ताजी हवा सोडते. रेस सोडल्यावर तो व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. त्याची नळी तडकली की तो उघडाच राहतो आणि गाडी वाजते.

मागे वाजणे आणि पुढे, म्हणजे कार्बोरेटरमधून शिंकणे, या दोन्हींना सरसकट बॅकफायर म्हणतात. गोंधळ तिथेच होतो. शिंक येते तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह उघडताना आत अजून ज्वाळा असते : टॅपेट घट्ट झालेले, टायमिंग चुकलेले किंवा मिश्रण फारच पातळ. जुन्या बुलेटची किक उलटी येऊन पायावर बसते, त्याला बहुधा पुढे सरकलेले टायमिंगच कारणीभूत असते. त्यासाठी सायलेन्सर खोलून काय मिळणार?

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले, जवळपास सगळ्या बाईक इंजेक्शनवर गेल्या, तेव्हा हे सगळे संपले असे अनेकांना वाटते. उलट नवी गंमत सुरू झाली. सायलेन्सरच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर गळतीतून आलेली हवा मोजतो, संगणकाला वाटते मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे पॅकिंग खराब, पण खर्च टाकीतून. मोकळा सायलेन्सर बसवला आणि इंजेक्शनचे ट्युनिंग तसेच ठेवले, तरी बार वाढू शकतात.

आणि मुद्दाम काढलेले बार? कार्बोरेटरच्या बुलेटची चावी चालत्या गाडीत बंद करून लगेच चालू केली, की मधल्या वेळात न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये साचते आणि एकदम पेटते. ऐकणाऱ्याला ही ताकद वाटते. इंजिनाच्या कामी त्यातले काहीच येत नाही. आतले पडदे मात्र सुटतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तोही भाजून निघतो. आवाजाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि काही शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवला आहे.